टेम्पोवरच्या प्लेटा

आई-आबांचं घर चाकांवर होतं. धाकटा भाऊ चालवायचा त्या जुन्या टेम्पोवर आम्ही पत्र्याचं छप्पर घातलं होतं. आत फळीची खाट, गॅसची शेगडी, पिठाचा डबा आणि कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. मेंढरं पुढं, टेम्पो मागं. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याच्या बांधावर मुक्काम.

मी मात्र वायरमनचा कोर्स करून शहरात राहिले, गारखेड्यात, एकटीच. सोलर बसवणाऱ्या एका दुकानात कामाला होते. ज्या माळावर आबांनी मेंढरं चारली, तिथं आता इमारतींच्या रांगा उठल्या होत्या आणि त्यांच्या गच्च्यांवर मी प्लेटा बसवत फिरायचे. "बापानं मेंढरं वळली, लेक ऊन वळती," असं आबा चारचौघांत सांगायचे. टेम्पोच्या टपावरही मी एक छोटी प्लेट लावून दिली होती. एक दिवा लागायचा, मोबाइल चार्ज व्हायचा. तेवढ्यावर सगळे खूश होते.

मग आईची साखर वाढली. गोळ्या पुरेनात, इन्शुलिन सुरू झालं आणि ते थंडच ठेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ओल्या वाळूत मडकं पुरून ठेवा, असाही उपाय त्यांनी सांगितला. पण ती वर्षं सलग दुष्काळाची. मेंढरांना पाजायलाच पाणी मिळेना, तिथं वाळू कशानं भिजवायची? आईला माझ्याकडं आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मला तर आनंदच झाला. घरी आल्यावर गरम भाकरी, वर कौतुक. आईचं मात्र पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं झालं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून ती रस्त्यावरच्या कुत्र्यांना हाळ्या द्यायची. कुत्रीही गुणी, शेपट्या हलवत खाली जमायची. खालचे काका तक्रार घेऊन आले, तर त्यांनाच चहा पाजून तिनं गुडघ्यावरचा उपाय सांगितला. दिवसातून दहादा विचारायची, "आता मेंढ्या यायला लागल्या असत्याल. कोकरांचं कोण बगतंय?" मेंढ्या येतात म्हणजे वितात. तो हंगाम तिनं जन्मात कधी चुकवला नव्हता. रात्री नीट जेवायची नाही. तिला परत जायचं होतं, पण ते फ्रीजशिवाय शक्य नव्हतं.

शेवटी मीच कंबर कसली. बॅटरीवर चालणारा एक छोटा फ्रीज मिळवला. त्याच्यासाठी टपावर आणखी दोन मोठ्या प्लेटा, जाड वायर आणि चांगली दणकट बॅटरी. मुक्काम तेव्हा देवगाव रंगारीच्या बाजूला होता. तिथं जाऊन सगळं जोडून दिलं. आबांना निक्षून सांगितलं, "आठवडाभर फ्रीज नीट चालला, तरच आईला पाठवीन. प्लेटांना जपा."

"डोळ्यात तेल घालून जपतो," आबा म्हणाले.

आणि फ्रीज चालेना. रोज संध्याकाळी भावाचा फोन, "ताई, आतलं पाणी कोमटच हाय." मी हिशेब पुन्हा मांडला. एवढ्या उन्हात तर आइस्क्रीम जमायला हवं होतं! बॅटरी विकणाऱ्याशी भांडून आले. बिचारा नवी द्यायला तयार झाला. आबांना विचारलं, प्लेटा पुसता का? म्हणाले, "दोन टाइम पुसतो."

रविवारी मी स्वतःच निघाले. आईही निघाली. नुसतं बघायला जायचं होतं, पण तिनं लुगडी बोचक्यात बांधलेली, औषध बर्फाच्या थर्मासात घातलेलं आणि गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं, झालर लावलेलं फ्रीजचं कव्हर काखोटीला. मी डोळे वटारले. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

पोचलो तेव्हा भर दुपार होती. ऊन नुसतं पेटलेलं. टेम्पो मोकळ्या रानात बरोबर उभा होता. आणि टपावर माझ्या दोन्ही नव्या प्लेटांवर, चारी टोकांना दगड ठेवून, आबांचं काळंभोर घोंगडं पांघरलेलं होतं. साधंसुधं नव्हे, लग्नकार्याला खांद्यावर टाकायचं ते ठेवणीतलं.

माझं डोकंच फिरलं. "आबा! हे काय?"

"कामून? कोवळ्या उन्हात उघड्या ठिवतो की. पार चढलं की झाकतो," आबा शांतपणे म्हणाले. "काच हाय ती पोरी, तडकली मजी? तुजी माय यायची ऱ्हाईल."

माझा राग तिथंच विरला. उन्हापासून काय वाचवावं लागतं, हे त्या माणसाला जन्मभर माहीत होतं. ऊन खाऊन जगणारी वस्तू त्यांच्या कळपात पहिल्यांदाच आली होती. आई मात्र कमरेवर हात ठेवून टपाकडं बघत राहिली. म्हणाली, "चाळीस वर्सं झाली. मला नाय कदी यवढं पांघरून घातलं!" भाऊ हसून हसून खाली बसला. आबा घोंगडं काढायच्या निमित्तानं टपावर चढले ते बराच वेळ उतरलेच नाहीत.

मी रजा टाकून दोन दिवस राहिले. प्लेटा उघड्या, फ्रीज गार. बॅटरी चार्ज होतेय हे दाखवणारा कंट्रोलरवरचा हिरवा दिवा आई येताजाता बघायची आणि कोकरं पाजायला पळायची. तिच्या पायांत कुठून बळ आलं होतं कोण जाणे. कव्हरही तिनं फ्रीजला घातलं, पण माझ्या सांगण्यावरून मागची बाजू मोकळी सोडून.

निघताना आबा मला एसटीपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर एकदम म्हणाले, "तुज्याकडं ती सुखात व्हती, मला ठावं हाय. पर हितं लई सुनं लागायचं." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मागं वळले. त्यांच्या तोंडून असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बसमध्ये मी हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

गारखेड्यात आले. कुलूप काढलं. स्वयंपाकघरात ओट्यावर काहीच झाकून ठेवलेलं नव्हतं. खाली कुत्री गॅलरीकडं तोंड करून बसली होती. मी आईला फोन लावला. मागं कोकरांचा कालवा चाललेला.

"आई, मला इथं करमत नाही गं."

ती मनापासून हसली. मग मऊ आवाजात म्हणाली, "मलाबी तितं असंच व्हायचं, बाई. आता कळलं का?"