सलोतऱ्याची खुर्जी

परतूर तालुक्यात फटफटीचा आवाज आला की लोक म्हणत, सलोतरी आले. निजामाच्या राज्यात गुराढोरांच्या डॉक्टरला सलोतरीच म्हणत, आणि त्या भागात फटफटी एकट्या वामनराव सलोतऱ्यांकडे होती. औरंगाबादच्या छावणीतल्या एका साहेबानं बदली झाल्यावर विकलेली. घोड्याच्या पाठीवर टाकतात तशी कातडी खुर्जी तिच्या मागच्या चाकावर टाकलेली असायची. डाव्या पिशवीत कागद आणि भाकरीचा डबा, उजवीत लस, सुया आणि काचेची पिचकारी.

वामनराव कामाला वाघ होते. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालायला त्यांना कधी किळस वाटली नाही. पण मनानं भलते संशयी. न्हाव्यापुढं बसण्याआधी वस्तरा हातात घेऊन बघत. ते लहान असताना घरातली तांब्यापितळेची भांडी रोज चौकशीला येणाऱ्या ओळखीच्याच माणसानं नेली होती. तेव्हापासून कोणी गोड बोललं की त्यांचा हात आपोआप खिशाकडं जायचा.

एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात उजव्या पिशवीतून सुयांची पितळी डबी गेली. त्या दिवशी आष्टीचा बाजार होता. फटफटी नेहमीप्रमाणे कचरूच्या पालापाशी उभी होती. कचरू दावी, कासरे, दोरखंड विकायचा आणि बसल्या बसल्या फटफटीकडं लक्ष ठेवायचा. त्याबद्दल त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. वामनरावांना आता नेमकं तेच खटकायला लागलं. फुकट राखण कोण करतं?

"इथं कोणी आलं होतं का रे?" त्यांनी विचारलं.

"बाजारात कोन येत न्हाई, साहेब? पर खुर्जीला हात न्हाई लावला कोनी. मी इथंच बसून राह्यलो ना."

वामनरावांनी उजव्या पिशवीचं झाकण ओढून बांधलं. त्याच आठवड्यात खुर्जी उतरवून, आगगाडीत मांडीवर घेऊन ते जालन्याला गेले. तिथं रखमाजी जीनगराचं घर पिढ्यान् पिढ्या घोड्यांची खोगिरं शिवत आलं होतं. वामनरावांनी त्याच्याकडून झाकणाला दुहेरी बकलं लावून घेतली. कोणी सुरीनं कापू नये म्हणून कातड्याच्या दोन पदरांत तार घातली, कडीत पितळी कुलूप अडकवलं आणि खुर्जी गाडीला जखडायला साखळी घेतली.

रखमाजीनं उजव्या पिशवीचा तळ अंगठ्यानं दाबून बघितला. "मालक, इथलं कातडं कडक झालंय. गाडी एकडाव घेऊन या. कुठं बसती, कशाला घासती, ते बघावं लागंल."

"गाडी कशाला? काम खुर्जीचं आहे," वामनराव म्हणाले. गाडी कारागिराच्या दारात सोडायची, आणि मग तिचे कुठले स्क्रू कुठं जातील कोण जाणे, असं त्यांच्या मनात आलं. रखमाजीनं पुन्हा आग्रह केला नाही.

एवढं करूनही महिन्याभरात ताप बघायची नळी गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. म्हणजे कोणाकडं तरी दुसरी किल्ली आहे, असं वामनरावांनी ठरवून टाकलं. रखमाजीनं करून ठेवली असेल? की किल्ली घरातूनच कोणी नेली? कोणी उघडलं तर कळावं म्हणून रात्री झाकणावर ते केसाएवढा दोरा चिकटवून ठेवू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको रमाबाई तो दोरा बोटावर घेऊन समोर उभी राहिली.

"झाडताना हाताला लागला. हा माझ्यासाठी होता का?"

"तुझ्यासाठी कशाला? आपला सगळ्यांसाठी."

"घरात सगळे म्हणजे मी एकटीच," असं म्हणून रमाबाई आत गेल्या. त्यानंतर त्यांनी खुर्जी ठेवायच्या खोलीत झाडू मारला नाही.

पावसाळा संपता संपता आष्टीच्या पलीकडच्या एका खेड्यात गुरांना आडवं करणाऱ्या बुळकांडीची साथ आली. निरोप येताच वामनराव निघाले. आष्टीला बाजार होता. फटफटी कचरूच्या पालापाशीच लावून ते चावडीत साथीची खबर द्यायला घटकाभर गेले, मग गाडी घेऊन पुढं निघाले. खेड्यात कडूबा नावाच्या शेतकऱ्यानं आपली बैलजोडी सगळ्यांत आधी पुढं आणली. एका बैलाचे डोळे गळायला लागले होते, दुसरा अजून धड होता. वामनरावांनी कुलूप काढलं, हात घातला. लस होती. पिचकारीची पेटी नव्हती.

"काय झालं, साहेब?" कडूबानं विचारलं.

वामनरावांनी डावी पिशवीही उपसली. जालन्याहून दुसरी पिचकारी यायला तीन दिवस लागले. तोवर कडूबाचा धड बैलही आडवा झाला होता. गावातली बाकीची जनावरं वाचली, पण कडूबाची दावण मोकळी झाली. तो रिकामी दावी गुंडाळून ठेवत राहिला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वामनरावांना वाटलं.

तो राग त्यांनी पुढच्या बाजारी कचरूवर काढला. भरल्या बाजारात त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी त्याला चोर म्हटलं. ठाण्याच्या जमादारानं कचरूला नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, घराची झडती घेतली. दोरखंडांशिवाय काही निघालं नाही, तेव्हा सोडून दिलं. पुढच्या बाजारी कचरूचं पाल लागलं नाही. वामनरावांना वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

दिवाळीनंतर एका सकाळी ते आष्टीकडं निघाले होते. वाटेतल्या ओढ्यात गाडी दगडावरून जोरात आपटली आणि मागं काचेचा खळ्ळ असा आवाज झाला. थांबून बघतात तो लसीची बाटली वाटेवर फुटलेली. कुलूप बंद, साखळी ताठ. त्यांनी आधी वाटेवर मागंपुढं कोणी माणूस आहे का ते बघितलं. मग वाकून पिशवीखाली हात घातला. तळाच्या शिवणीत चार बोटं सहज आत गेली.

इंजिनापासून मागं येणारी धुराची नळी पिशवीच्या अगदी खाली होती. दणका बसला की पिशवी तिच्यावर टेकायची. तापानं दोऱ्याचं मेण वितळलं होतं, दोरा करपून तुटला होता. गाडी उभी असली की कडक कातड्याचे ओठ मिटलेले राहत, आदळली की उघडत. सहा महिने ते वरून कुलूप घालत होते आणि माल खालून सांडत होता. वामनराव खाली बघत ओढ्याची वाट धुंडाळू लागले.

काठावरच्या शेतात झुंबरबाई तूर खुरपत होती. विधवा बाई, एकटीच राबायची. ती खुरपं थांबवून त्यांच्याकडं बघत राहिली.

"बाई, या वाटेवर तुम्हाला कधी काही सापडलं का?"

"मला काय ठावं?" ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

वामनरावांनी खुर्जी सोडवली, तिच्या बांधावर नेली आणि फाटका तळ दाखवला. "कोणी चोरलं नाही. माझ्याच गाडीनं सांडलं."

झुंबरबाईनं तो तळ नीट बघितला. मग खोपीत जाऊन फडक्यात बांधलेलं गाठोडं आणलं. त्यात सुयांची डबी होती. पिचकारीची पेटीही होती, आतली काच शाबूत.

"डबी कुनाची ते कळलं न्हाई. पेटी घावली, तवा वळखलं, द्यायला आल्ते मी आष्टीला," ती म्हणाली. "त्याच दिशी कचरूला धरून नेत होते. मंग मागं फिरले. तुमी मला इचारलं असतं का, कुठं घावलं म्हनून? का माझंबी घर झाडलं असतं?"

वामनरावांनी गाठोडं पुन्हा चाचपलं. ताप बघायची नळी मात्र गाठोड्यात नव्हती. ती कुठं गेली, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पण तिच्या खोपीकडं त्यांची नजर गेलीच. तिनं ती पाहिली.

या वेळी ते गाडी घेऊन जालन्याला गेले. रखमाजीनं खाली वाकून धुराची नळी बघितली, "हंऽ" एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. नळीवर पत्र्याची ढाल ठोकली, खुर्जी चार बोटं वर घेतली, तळाला दुसरं कातडं घालून तांब्याच्या रिबिटा मारल्या. घरी आल्यावर वामनरावांनी रमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कचरूला सांगितलंत?"

कचरूचं घर आष्टीपासून कोसभर होतं. वामनराव दारात गेले तेव्हा तो अंबाडीची दोरी वळत होता. त्यानं त्यांना बसा म्हटलं नाही.

"चूक झाली, कचरू."

"बाजारात बोलल्तात. बाजारात सांगा."

पुढच्या बाजारी कचरूचं पाल पुन्हा लागलं. वामनरावांनी फटफटी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उन्हात लावली आणि चालत आले. पालासमोर उभं राहून, चोर म्हणताना लावला होता तेवढाच आवाज लावून, त्यांनी सगळं सांगितलं. धुराची नळी, तुटलेला दोरा, बाईनं जपून ठेवलेली पेटी. कडूबाचे बैल कशानं गेले तेही सांगितलं. लोक गोळा झाले. कोणीतरी मागून हसलं.

कचरूनं मान वर केली नाही. तो गिऱ्हाइकाला कासरा मापून देत होता.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जरा बाजूला व्हा, साहेब. मागं मान्सं उभी राह्यलीत."