नंदिगड्ड्यातली पाहुण्यांची खोली

बेळगावच्या बाजारात मिरी विकायला येणारा वेंकू दर खेपेला म्हणायचा, "अण्णा, येकदा आमच्या नंदिगड्ड्याला येवा." गेल्या पौषात कापडदुकानातून रजा मिळाली आणि मी त्याच्याबरोबरच निघालो.

लोंढ्यापर्यंत आगगाडी, पुढे सुप्यावरून बैलगाडी. जाणाऱ्यांनी परतीचं भाडंही आधीच ठरवावं. तिकडे गाडी मिळेलच असं नाही. घोंगडी हवीच, दाट रानात दुपारीसुद्धा ऊन खाली उतरत नाही. सुप्याला काळी नदीच्या काठी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना रान एकदम सरलं आणि खाली खोरं दिसलं. कापणी झालेली भाताची खाचरं, मधून वाहणारा ओढा, पलीकडे निळे होत गेलेले डोंगर. मी गाडीतून उतरलो आणि उरलेली वाट चालतच गेलो.

वेंकूने घराला लागून नवी खोली बांधली होती. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, ओढ्याकडे उघडणारं दार. उळवीच्या जत्रेला जाणारे लोक इथे उतरावेत, एरवीही शहरातल्यांनी हे खोरं पाहायला यावं, अशी नवरा-बायकोची इच्छा. त्याची बायको देवकी हिने भाजलेलं कोनफळ, नाचणीची भाकरी आणि कोकमाची कढी वाढली.

"खोलीची कल्पना कुणाची?" मी विचारलं.

"माजीच," देवकी म्हणाली. "डोंगरावरची शेती बंद झाली, तवा आमचा ल्योक रामा लोंढ्याला रेल्वेत लागला. बायकू-पोरगंबी तिकडंच. हितं काम असतं तर गेला असता व्हय?"

"पावणं आलं तर गाडी हाकायला माणूस लागंल, म्हणती ती," वेंकू म्हणाला.

"लागंल की न्हाई, अण्णा?"

"लागेल," मी म्हणालो.

पुढचा दिवस उळवीला गेला. देवदर्शन झालं, डोंगरातल्या गुहा पाहिल्या. पण मन खालच्या त्या खोलीतच घुटमळत होतं.

परतताना लोंढ्याला रामाला शोधून काढलं. तो रुळांखाली खडी भरत होता. त्याने घरची खुशाली ऐकून घेतली आणि मग हळूच विचारलं, "वड्याला पानी हाय अजून?"

"भरपूर आहे."

"ह्या दिसांत लई गार असतंय," तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला. "पन हितं दर म्हैन्याला पगार हाय, अण्णा. तो सोडून कसं जायाचं?"

बेळगावात आल्यावर दुकानात येईल त्याला मी खोऱ्याबद्दल सांगत सुटलो. जत्रेला त्यांतली दोन कुटुंबं गेली आणि वेंकूकडेच उतरली. परत आल्यावर ती माणसं म्हणाली, गाडी रामानेच हाकली. रजा काढून बायको-मुलासह आला होता, जत्रा आटोपताच कामावर परतला. पाहुण्यांचा स्वयंपाक देवकीला एकटीला उरकेना, म्हणून त्याची बायको आणि मुलगा मात्र गावीच राहिले.

देवकीचं घर भरलं, याचं समाधान आहेच. पण लोंढ्याला आता एकटाच जेवायला बसणारा रामा डोळ्यांपुढून हलत नाही. खोऱ्यात माणसं जाऊ लागली आहेत, पण एका घरचा माणूस परत यावा इतकी अजून नाहीत. म्हणून सांगतो, जत्रेसाठी थांबू नका. जा.