दुसरी किल्ली

१९५९ सालच्या जुलैची सात तारीख. विश्वासरावांची बायको कमला पहाटे वारली. दहाच्या सुमाराला विश्वासराव स्मशानातून मल्लेश्वरमच्या घरी परतले, अंघोळ केली, कोरडं धोतर नेसले आणि गिरणीत गेले. सात तारीख म्हणजे पगाराचा दिवस. तिजोरीला दोन किल्ल्या लागत. एक मॅनेजरांकडे, दुसरी कॅशियर विश्वासरावांकडे. बाहेर तीनशे माणसं रांगेत उभी होती.

सुतक म्हणून ते पाकिटं हातात न देता टेबलावर ठेवत गेले. ओले केस बघूनच रांगेला कळलं. मागखात्यातला यल्लाप्पा कानडी वळणानं हलकेच म्हणाला, "रायरे, घरी जा. आम्ही उद्या घेऊ."

"अंगठा इथे," विश्वासराव म्हणाले.

संध्याकाळी हिशेब नव्या पैशापर्यंत जुळला. बावीस वर्षं जुळत होता तसाच. मॅनेजर पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलले. ते विश्वासरावांनी ऐकलं, पण घरी पोचेपर्यंत त्यातला एक शब्दही आठवेना.

पुढच्या महिन्यात त्यांचा स्वतःचा पगार एकोणीस तारखेलाच संपला. दूधवाल्या भागुबाईंना त्यांनी दोनदा पैसे दिले होते. तांदूळ मात्र तीन दिवसांपुरताच उरला होता. हातात रिकामं पाकीट धरून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आई काय करायची?" त्यांनी सुलभाला विचारलं. पोर चौदा वर्षांची.

"पहिल्याच दिवशी महिन्याचा तांदूळ भरायची. मग भाडं, माझी फी. उरलेल्याचे चार भाग, आठवड्याला एक. भागुबाईंच्या पैशांची खूण भिंतीवर करायची. ही बघा, कोळशानं."

भिंतीवर रेघाच रेघा होत्या. त्या भिंतीला टेकून ते रोज जेवत होते.

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. विश्वासरावांनी कागद घेतला आणि ती सांगेल तसं लिहीत गेले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. तांदळाचा भाव तेवढा त्यांनी पुन्हा विचारला.

त्या कागदाबरहुकूम पुढचा महिना निभावला, त्याच्या पुढचाही. दिवाळीनंतर ते मॅनेजरांसमोर उभे राहिले. "दुसरी किल्ली सांभाळायला आणखी एक माणूस तयार करायला हवा, साहेब."

"तुम्ही असताना कशाला?"

"मी नसेन तेव्हासाठी. त्या दिवशी मी यायला नको होतं."

"सरी, करा तयार," मॅनेजर म्हणाले. हिशेबखात्यातल्या नागनाथाला विश्वासरावांनी वर्षभर हाताखाली घेतलं. नोटा मोजणं, पाकिटं भरणं, चूक सापडेपर्यंत जागचं न उठणं, सगळं शिकवलं. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण ते कधी हसलेही नाहीत.

सुलभा मॅट्रिक झाली. कॉलेजात नाव घालायचं होतं आणि तारीख नेमकी सात आली. विश्वासरावांनी किल्ली नागनाथाच्या हातात दिली आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा पगाराच्या दिवशी रजा घेतली.

फीच्या खिडकीपुढे लांबलचक रांग होती. अकरा वाजले, बारा वाजले. गिरणीतून कुणी बोलवायला आलं नाही.

"अण्णा, बसा ना सावलीत. मी थांबते," सुलभा म्हणाली.

"राहू दे," ते म्हणाले, आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकले.