नाकातून रक्त कुणाला येतं?

निखिलच्या प्लेटलेट्स पुन्हा कमी आल्या आणि माझं डोकंच फिरलं. ट्रान्सप्लांटची तारीख ठरलेली, बेड मिळालेला. त्याच्या मोठ्या भावाला, मंदारला, ब्लड कॅन्सर. केमोने आजार दबला होता. तो परत डोकं वर काढायच्या आत निरोगी माणसाच्या रक्तपेशी मंदारला द्यायच्या होत्या. त्या देणारा तो डोनर. निखिलचं मॅचिंग तंतोतंत जुळलं होतं. मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळी धावपळ माझी. त्यात मी जवळच्याच आचोळ्याची आणि ही मंडळी वसईतल्या होळी भागातली, भाजीची वाडी असलेली. घरचंच कार्य असल्यासारखी मी कामाला लागले होते.

प्लेटलेट्स म्हणजे जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या पेशी. आमच्याकडे त्या कमी झाल्या की डॉक्टरच्या आधी शेजारीण सांगते, डेंग्यू! निखिलला मागे ताप येऊन गेलाही होता. त्याची आई वाडीतल्या पपईच्या पानांचा रस त्याला रोज पाजायची आणि तो बिचारा तोंड वाकडं करून प्यायचा. आमचे सर, ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर, तेही म्हणाले, व्हायरल असेल, वाढतील.

अडून बसल्या त्या वृंदा मॅडम, आमच्या जेनेटिक्स लॅबच्या सायंटिस्ट. ज्या घरांत ब्लड कॅन्सर पुन्हा पुन्हा दिसतो, अशा घरांमागे या बाईंनी आयुष्य घालवलंय. लग्नकार्यातसुद्धा लोकांची रक्तं मागतात म्हणून आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांनी मंदारच्या आईला समोर बसवून एकच विचारलं.

"घरात नाकातून रक्त कुणाकुणाला येतं?"

"ह्यांच्याकडे सगळ्यांनाच येतं," आई म्हणाली. "मंदारच्या पप्पांना यायचं, दोघा पोरांना येतं. उष्णता, दुसरं काय? पन माझ्या पोरीला नाय येत. ती माझ्यावर गेलीय."

मी चमकले. पोरगी? कागदावर दोनच भाऊ होते. ही मुलगी, कल्पना, विरारला दिलेली. ती आता सासरची, लहान मूल आहे, तिला कशाला त्रास, म्हणून आईने तिचं नावच घेतलं नव्हतं. निखिल जुळल्यावर आम्हीही पुढे विचारलं नाही.

मॅडमनी मग समजावलं. एक जीन असा असतो की तो बिघडला तर प्लेटलेट्स जन्मापासूनच कमी राहतात, आणि अशांपैकी काहींना पुढे ब्लड कॅन्सर होतो. आपल्याकडच्या घरांत तो शोधून काढण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली होती. निखिलमध्ये तोच बिघाड असेल तर त्याच्या पेशी देणं म्हणजे मंदारला त्याचाच आजार परत देणं.

सर वैतागले. "टेस्टला वेळ लागेल, मॅडम. तोवर आजार उलटला तर?"

"चुकीचा डोनर दिला तर आजार पुन्हा होण्याची वाट आपणच मोकळी करू," मॅडम शांतपणे म्हणाल्या. सरांनी तारीख पुढे ढकलली. माझा जीव टांगणीला लागला.

कल्पनाला मीच फोन केला. ती मुलाला कडेवर घेऊनच आली. "मला कुणी विचारलंच नाही," एवढंच म्हणाली आणि बाही वर केली. आई मान खाली घालून बसली होती.

रिपोर्ट आले. निखिलमध्ये बिघाड होता. कल्पनात नव्हता, आणि तिचं मॅचिंगही जुळलं. मला रडूच आलं. पण निखिलचा चेहरा पाहवेना. भावाला वाचवायला निघालेला मुलगा, त्यालाच आता जन्मभर तपासणी. मॅडम कितीतरी वेळ त्याच्याजवळ बसल्या. आजार होईलच असं नाही, पण झाला तर आपण त्याला लवकर गाठू, हे त्यांनी त्याला पटेपर्यंत सांगितलं.

पेशी काढायच्या दिवशी कल्पनाचे दोन्ही हात सुया लावून मशीनला जोडलेले होते. निखिल तिच्याशेजारी बसून तिला घरच्या केळ्याचा एकेक तुकडा भरवत होता.

मंदार आता बरा होऊन वाडीत काम करतो. निखिल न चुकता रक्त तपासायला येतो. पपईचा रस मात्र सुटला, हे त्याचं समाधान. वृंदा मॅडमच्या कामामुळे आता आमच्याकडे डोनर भावंडांचे जीन्स शंका दिसली की तपासतातच.

आणि मी? नवीन पेशंट आला की नाकातून रक्ताचं विचारते, मग सासरी गेलेल्या बहिणींचे फोन नंबर घेते. त्या कुठे दिलेल्या, हे नंतर विचारते.