चाक थांबेपर्यंत

वसईजवळच्या होळी गावातल्या आमच्या वाडीत कुणाचं डोकं फुटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "पॉलिन घरी होती काय?" बाई चव्वेचाळीस वर्षांची, मनगट मात्र बैलगाडीच्या दांडीसारखं. वसईच्या बस स्टँडवर एका पाकीटमाराला तिने कॉलर धरून तीन खांबांवर आपटलं होतं. नवरा स्टॅनी गरीब माणूस. बायकोशी वाद घालायचा तर केळीच्या आळ्यापलीकडे उभा राहून घालतो.

ही पॉलिन वालीवला बिजागऱ्यांच्या कारखान्यात प्रेसवर बसते. पायाखालचं पॅडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्रा कापून जातो. नऊ वर्षांपूर्वी पत्र्याऐवजी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कापून गेला. करंगळी आणि तिची शेजारीण. अडकलेला तुकडा काढायला तिने हात घातला होता.

"मोटार बंद केलेली मी. या हातानं बंद केलेली," ती सांगायची. कुणी मानलं नाही. मालकाने कागदावर 'निष्काळजीपणा' लिहून घेतलं. बायका म्हणाल्या, मशीनमध्ये काहीतरी आहे. मग दसऱ्याला मशीनला जाड हार पडला, फादरना बोलावून पवित्र पाणीही शिंपडून झालं. आणि मशीन लावणारा सेटर एरॉल काय म्हणाला? "सकाळची चढली असेल." त्या दिवशी पॉलिनचा उजवा हात शाबूत होता. एरॉलचा कान आठवडाभर सुजला होता.

तर अशा बाईला या वर्षी सेटर व्हायचं होतं. एरॉलला दुसरा साथीदार हवा होता, आणि फोरमन रमेशभाऊंनी तिला दोन अटी घातल्या. "एक, आठवीचा दाखला आण. दोन, तोवर कुणावर हात टाकायचा नाही. एक चापट मारलीस तरी विसर."

दुसरी अट ऐकून आम्ही शेजाऱ्यांनी आपसात पैजा लावल्या. पंधरा दिवसांवर कुणी गेलं नाही.

पण बाई हट्टाला पेटली. बाहेरून आठवीला बसली. गणित, भाषा रेटून नेलं, विज्ञानाशी मात्र जमेना. शेजारची रचना मास्तरीण संध्याकाळी उजळणी घ्यायला यायची. दाब म्हणजे काय, हे चार दिवस पॉलिनच्या डोक्यात शिरेना. शेवटी रचनाने हात जोडले, "पॉलिनताई, सपाट चपलेने पाय तुडवला आणि टाचेच्या चपलेने तुडवला, जास्त कशाने कळवळेल?"

"टाचेच्या! त्या जीनाचा तुडवलेला की मी, लग्नात!"

"बल तेवढंच, जागा लहान. म्हणून दाब जास्त."

मग गाडी सुटली. मारामारीचं उदाहरण दिलं की शास्त्र समजायचं. घर्षण? पाकीटमार डांबरावर फरफटला ते. तरफ? पहारीखाली दगड ठेवून भावकीचं कुंपण उपटलं ते. स्टॅनीला प्रयोगासाठी बोलावलं की तो परसात गायब.

पेपर रविवारी होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पॉलिन डब्याशेजारी पुस्तक उघडून बसली. दोन महिन्यांत तिने कुणाला साधं ढकललंही नव्हतं. जडत्वाचा धडा होता. बाहेरून बल लागल्याशिवाय फिरती वस्तू आपण होऊन थांबत नाही.

तिने वर पाहिलं. समोर एरॉलने मोटारीचं बटण बंद केलं. बाजूचं मोठं लोखंडी चाक मात्र घरघरत फिरतच होतं. ते चाकच पॅडल दाबलं की ठोकळा खाली ओढतं. कारखान्यात सगळे म्हणत, बटण बंद म्हणजे मशीन मेलं. नऊ वर्षं तीही तेच म्हणत आली होती.

एरॉलने अडकलेला तुकडा काढायला हात आत घातला.

"एरॉल, हात काढ! चाक फिरतंय!"

"बटण बंद आहे बाय. तू पुस्तक वाच, पास हो," तो दात काढून म्हणाला. त्याचा बूट पॅडलच्या शेजारी सरकत होता.

पॉलिनला अट आठवली. दीडेक सेकंद आठवली असेल. मग तिने डबा फेकला, धावत जाऊन एरॉलच्या तोंडावर असा ठोसा हाणला की तो मागे उडाला. हात बाहेर आला, दात बाहेर आला, आणि पडता पडता त्याचा बूट पॅडलवर आपटला. धाडकन ठोकळा खाली आला.

तो आवाज एरॉलने ऐकलाच नाही. तोंडात रक्त, डोक्यात संताप. हातातल्या पान्याने त्याने तिची भुवई फोडली. तिने त्याला पत्र्याच्या ढिगावर आपटलं, गुडघ्याने छाती दाबली. चार जण सोडवायला आले, चौघांनीही मार खाल्ला.

"कोणी सुरुवात केली?" रमेशभाऊ धावत आले.

"मी," पॉलिन म्हणाली. डोळ्यावर रक्त ओघळत होतं. "सेटरपण नको तर नको. पण हे बघा."

तिने मोटार चालू केली, चाकाने वेग धरल्यावर बंद केली. डब्यातलं राजेळी केळं ठोकळ्याखाली ठेवलं आणि पॅडल दाबलं. केळ्याचा अर्धा भाग एरॉलच्या शर्टावर उडाला.

"माझी बोटं अशी गेली. मी प्यायले नव्हते."

एरॉल शर्टावरचं केळं बघत राहिला, मग स्वतःच्या पाच बोटांकडे. उठला, पान्यांची पेटी सरकवत आणून तिच्या पायाशी सोडली.

"हिला करा सेटर, नाहीतर मी मशीनला हात लावत नाही," तो रमेशभाऊंना म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "दात मात्र भरून दे, रांडे."

"पुन्हा बोल, दुसराही काढते."

रमेशभाऊंनी कपाळाला हात लावला. "आधी दाखला आण."

रविवारी एक डोळा मिटलेला ठेवून पॉलिनने पेपर लिहिला. विज्ञानात अडतीस मिळाले. जडत्वाचं उदाहरण दीड पान होतं म्हणे, आणि त्यात एरॉलचं नाव पाच वेळा.

आता ती सेटर आहे. बटण बंद झालं की कंबरेवर हात ठेवून चाक थांबेपर्यंत उभी राहते. त्याआधी कुणी हात आत नेला तर लाकडी फळी सपकन बसते. त्या कारखान्यातल्या बाकीच्या बायका संध्याकाळी फाटकाबाहेर पडतात तेव्हा बघा. मनगटावर वळ असतात, आणि बोटं मोजाल तर दहा.