गच्चीवरची इस्त्री

परक्या मुलखातलं ते शहर म्हणजे नुसती पळापळ. तिथल्या एका उंच इमारतीच्या तळाशी नवरा-बायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. नवरा गल्ल्यावर बसून गप्पा हाणायचा, बायको उभ्याने इस्त्री फिरवायची. तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तिची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीतच राहायची.

थोरलीने मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जायचं ठरवलं आणि धाकटीचंही नाव घातलं. झालं! नवरा गल्ल्यावरून उठलाच. आठवडाभर इस्त्री कोण करणार?

"लिफ्ट बिघडल्यापासून वर कपडे पोचवताना जिन्याच्या नावाने बोंबलतेस, आणि म्हणे डोंगर!" तो मिशीत हसला. "भरली सॅक घेऊन गच्ची गाठ, मध्ये कुठे टेकायचं नाही. जमलं तर खुशाल जा."

"शब्द फिरवाल."

"मी आहे ना साक्षीला," दारातून थोरली म्हणाली. "भाऊजी, मग रडायचं नाही हं!"

धाकटी लागली तयारीला. पायात ते जाडजूड बूट, पाठीवर तांदळाने भरलेली सॅक, तशीच उभी राहून ती शर्टांच्या कॉलरी दाबू लागली. गिऱ्हाइकं आधी बूट बघत, मग कपडे.

रविवारी दुकान बंद. धाकटी निघाली. पण सॅक आज एवढी जड का? अर्ध्यावर मांड्या थरथरायला लागल्या, डोळ्यांत पाणी आलं. आपलं वय झालं, तिला वाटलं. भिंतीला खांदा लावला, पण बूड काही टेकवलं नाही. रडतरखडत गच्ची गाठली.

तोंड पुसायला सॅकमधला टॉवेल ओढला, तर त्याखाली दुकानातली वजनदार इस्त्री! वायर कशी नीट गुंडाळलेली. संसारात नवऱ्याने पहिल्यांदाच वायर गुंडाळली होती.

ती गालात हसत उतरली.

"कशी होती सॅक?" नवऱ्याने विचारलं.

"उतरताना तर कापूस!"

सोमवारी दारात कोटवालं गिऱ्हाईक पाय आपटत उभं.

"अगं, इस्त्री कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

"गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे."

"मग आण ना!"

"मी कशी आणू? थोरलीने पाय जपायला सांगितलेत. तुम्हीच घेऊन या. लपवताना बरी उचलली!"

नवरा जिन्याकडे वळला. पहिल्याच वळणावर बसल्याचा आवाज आला.

तेवढ्यात थोरलीचा फोन. "काय गं, भाऊजींनाही नेऊया का डोंगरावर?"

"आधी गच्चीवर तर पोचू देत," धाकटी म्हणाली आणि बुटाची नाडी आवळायला वाकली.