निगुडकर सर आणि ॲट्रॉपिनचा थेंब

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांत इंदूरला मी डॉक्टरी शिकत होते. औषधशास्त्राचे डॉ. निगुडकर वर्गात आले की ऐन मे महिन्यात खिडक्या बंद करायला लावत. "येऊ द्या घाम. ॲट्रॉपिन पोटात गेलं की तोही बंद होतो, मग किंमत कळेल," म्हणत. ते मला पहिल्या दिवशी आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत.

शिकवत मात्र उत्तम, आणि त्याचाच जास्त राग येई. "ॲसिटाइलकोलिन हा निरोप्या. ॲट्रॉपिन फक्त त्याच्या खुर्चीत जाऊन बसतं. निरोप पोचत नाही. तोंड सुकतं, छाती धडधडते, डोळ्याची बाहुली मोठी होते."

ती बाहुली दाखवायला ते दरवर्षी प्रयोगशाळेचा प्रौढ शिपाई रामप्रसाद याच्या डोळ्यात थेंब घालत. त्या वर्षी तो म्हणाला, "साहब, इस साल रहने दो. आँख दुखती है. दीये के चारों तरफ रंग दिखते हैं."

मी उभी राहिले. "सर, डोळ्यातला दाब वाढला असेल. ॲट्रॉपिननं आणखी वाढेल."

"बसा, बाईसाहेब. परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या कारकुनाची मुलगी मला ॲट्रॉपिन शिकवणार?"

वर्ग हसला. थेंब पडला.

संध्याकाळी रामप्रसाद ओकत होता. डोळा लालभडक, पापणीवरून हात लावला तर गोटीसारखा कडक. उतारा म्हणून एसरिनचे थेंब घातले, शस्त्रक्रियाही झाली. पण त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

आम्ही काही विद्यार्थ्यांनी निगुडकरांना जाब विचारला. फळा पुसत ते म्हणाले, "औषध चुकलं नाही. डोळा चुकीचा होता."

पुढच्या वर्षी नव्या मुलांसमोर त्यांनी पुन्हा रामप्रसादलाच बोलावलं. मी दारात उभी होते. "दूसरी आँख तो ठीक है ना?" त्यांनी विचारलं.

रामप्रसादनं हातातला ट्रे टेबलावर ठेवला. "ये वाली मैं घर ले जा रहा हूँ, साहब," म्हणाला आणि निघून गेला. निगुडकरांनी त्याची नोकरी घालवली.

निगुडकर वारले तेव्हा मी डोळ्यांची डॉक्टर झाले होते. शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत होते. मलाही बोलायला सांगितलं.

"रामप्रसाद नावाचे एक शिपाई होते," मी सुरुवात केली. पहिल्या रांगेत निगुडकरांच्या पत्नी मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांच्याकडे पाहून वाईट वाटलं. तरीही मी सगळं सांगितलं.